भाजीच्या मळ्याची वई

(द्वितीय वर्ष, कला)

‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण आपण भाषणांत आणि निबंधांत इतक्या वेळा वापरतो, की कुंपण ही खरोखरीची वस्तू आहे याचा आपल्याला विसर पडला आहे. पुढारी, अधिकारी, संस्थाचालक यांच्याविषयी बोलताना ती चटकन तोंडात येते. पण ज्यांच्या घरी खरेच शेत आहे त्यांचा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे कुंपण शेत खात नाही. कुंपण असूनही शेत खाल्ले जाते. ते कोण खाते, कसे खाते आणि ते थांबवायचे तर काय करावे लागते, हे या लेखात सांगण्याचा माझा विचार आहे.

वार्षिक अंकात कथा, कविता आणि प्रवासवर्णने यावीत हे खरे. परंतु आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या कितीतरी मुलामुलींची फी अशाच एखाद्या मळ्यातून येते. तेव्हा हा विषय वाचकांनी परका मानू नये, एवढी विनंती.

आमचे गाव कणकवली तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. फोंडा घाट चढून वर गेले की दाजीपूरचे जंगल लागते. तेथे १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. आज ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाते. नकाशावर त्याची हद्द काढलेली आहे. पण नकाशा माणसांसाठी असतो. गव्याला घाट उतरायला परवाना लागत नाही.

व्हाळाच्या कडेला आमचा नऊ गुंठ्यांचा मळा आहे. पावसाळ्यात मांडवावर काकडी, पडवळ आणि दोडकी, खाली भेंडी. भात कापले की लाल माठ, मुळा, वाल, वांगी, मिरची आणि रताळी. आई ही भाजी आठवड्याच्या बाजारात नेऊन विकते. भात घरी खायला होते. रोख पैसा दिसतो तो या नऊ गुंठ्यांतूनच. माझा एस.टी.चा पास आणि परीक्षेची फी त्यातूनच निघते. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकणारी मी पहिलीच. त्यामुळे एखाद्या रात्री रताळ्याचे दोन वाफे उकरले गेले, तर आमच्या घरी ती नुसती भाजीची गोष्ट राहत नाही.

जुनी वई कोणासाठी होती?

आमच्याकडे कुंपणाला वई म्हणतात. भात कापून झाले की कार्तिकात वई घालण्याचे काम सुरू होते. आधी हात-दीड हात अंतरावर खुंट पुरायचे. त्यांना आडव्या चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या बांधायच्या. मग करवंदीच्या आणि इतर काटेरी झाडांच्या फांद्या त्यांत गच्च खोवायच्या आणि बाहेरून पुन्हा काठ्या आवळून बांधायच्या. जेथे दगड मुबलक असेल तेथे गडगा रचतात. माणसांना जाण्यायेण्यासाठी बेडे ठेवतात. त्याच्या आडव्या काठ्या सरकवून आत जायचे आणि पुन्हा लावायच्या. ही वई एक हंगाम चांगली टिकते; दुसऱ्या वर्षी निम्मे खुंट वाळवीने खाल्लेले असतात.

वई बांधण्याची ही रीत उत्तम आहे, पण ती मुळात गुरांसाठी आहे. भात कापले की गुरे मोकळी सोडण्याची आमच्याकडे प्रथा आहे. ती शेतात शिरू नयेत म्हणून वई. गाय आणि म्हैस ही सरळ स्वभावाची जनावरे. समोर काटा दिसला की ती वळतात. वईच्या खालून जावे किंवा वरून चढावे असे त्यांच्या मनात येत नाही. रानातली जनावरे मात्र वईपुढे उभी राहून विचार करतात, असेच म्हणावे लागेल. गुरांसाठी घातलेल्या कुंपणाने रानडुक्कर अडावे अशी आपण अपेक्षा करतो, आणि अडले नाही की कुंपणाला दोष देतो.

रानातली जनावरे पूर्वी नव्हती असे नाही. पण पूर्वी गावात माणसे होती. आजोबा सांगतात, त्यांच्या लहानपणी प्रत्येक मळ्यावर माळा असे, त्यावर रात्री कोणीतरी झोपे आणि अधूनमधून डबा वाजवी. दिवसा घरातली मुले गोफण घेऊन राखणीला बसत. पुढे घरटी एकदोघे मुंबईला गेले. मागे राहिलेल्या शेतांत रान माजले आणि ते हळूहळू घराच्या परसापर्यंत आले. जे डुक्कर दिवसा डोंगरात लपत असे, त्याला आता वाडीला लागूनच लपायला जागा मिळते. मुले शाळेत जाऊ लागली, ही तर चांगलीच गोष्ट झाली. मी सकाळी साडेसहाची एस.टी. पकडते, तेव्हा मळ्यावरची एक राखण कमी होते. शिक्षण सोडावे असा याचा अर्थ नव्हे. पण जे काम पूर्वी माणसे करीत ते आज कुंपणाला करायचे आहे, तर कुंपण अधिक विचाराने घातले पाहिजे, एवढाच अर्थ आहे.

आधी चोर ओळखावा

कुंपणाचा पहिला नियम असा, की खांब विकत घेण्याआधी आपल्या मळ्यात कोण येते ते पाहावे. यासाठी पहाटे, ओल आहे तोवर, मळ्याभोवती एक फेरी मारावी.

जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असेल तर ते रानडुक्कर. त्याच्या खुरांच्या ठशामागे दोन लहान खुणा उमटलेल्या दिसतात. त्या मागच्या छोट्या खुरांच्या असतात. मऊ जमिनीत त्या स्पष्ट दिसतात. रताळे किंवा कणगी नेमकी खड्डा करून काढलेली असेल आणि उरलेल्या तुकड्यावर दातांच्या जोडीचे चरे असतील तर ते साळिंदर. एखादा काटा पडलेला सापडला तर शंकाच नको. कोवळी रोपे कात्रीने कापावीत तशी तिरकी कापली असतील आणि जवळ गोल लेंड्या असतील तर ससा. वेलांचे शेंडे उंचावरून ओरबाडलेले आणि मोठ्या खुराचा ठसा म्हणजे गवा. भर दिवसा अर्धी वांगी चावून इकडेतिकडे फेकलेली असतील तर ती माकडे. पेरलेले बी उकरलेले आणि मातीत नखांचे ओरखडे असतील तर मोर.

हे ओळखणे महत्त्वाचे, कारण ही सारी जनावरे चारच वाटांनी आत येतात: काही कुंपणाच्या खालून, काही मधून, काही वरून आणि काही कुंपण मोडून. प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा. एका वाटेसाठी केलेला खर्च दुसऱ्या वाटेला उपयोगी पडत नाही.

खालून आणि मधून येणारे

रानडुकराचे नाक हेच त्याचे डोळे आणि हेच त्याची कुदळ. नजर त्याची अधू, पण वास तीव्र. जमिनीखालचे रताळे त्याला बाहेरूनच कळते. ते कुंपणापाशी येते, बुडाशी नाक घालते आणि उचलते. वई जमिनीला नुसती टेकलेली असेल तर अर्ध्या घटकेत वाट होते. म्हणून डुकरासाठी कुंपणाची उंची नव्हे, तर बूड महत्त्वाचे. साडेतीन-चार फूट उंची पुरते. परंतु तारेची जाळी असेल तर तिचा खालचा फूट-दीड फूट जमिनीत पुरला पाहिजे. याहून सोपी युक्ती म्हणजे तेवढीच जाळी बाहेरच्या अंगाला वाकवून जमिनीवर पसरायची आणि वर माती व दगड टाकायचे. डुक्कर नेहमी कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरू पाहते. तेथे उकरायला गेले की ते स्वतःच त्या पसरलेल्या जाळीवर उभे असते. मागे चार पावले सरून खणावे हे त्याला सुचत नाही.

साळिंदरही खणते, पण त्याला उडी मारता येत नाही. त्यामुळे पुरलेली जाळी असेल तर दोन फूट उंचीचे कुंपणही त्याला थांबवते. त्याची खरी वाट म्हणजे पाण्याची मोरी. मळ्यात पाट जेथून शिरतो तेथे आपण भोक मोकळे ठेवतो, आणि साळिंदर बरोबर तेथूनच येते. तेथे लोखंडी सळ्यांची चौकट बसवावी. रोजच्या रोज तिच्यात अडकलेला पालापाचोळा काढावा, नाहीतर पाणी तुंबून बांध फुटतो.

सशासाठी जाळीची भोके लहान हवीत. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या भोकांच्या जाळीतून सशाचे पिल्लू सहज जाते. साऱ्या कुंपणाला बारीक जाळी लावण्याची गरज नाही. खालच्या दोन फुटांना लावली तरी पुरे. मोरासाठी पेरलेल्या वाफ्यावर आठ-दहा दिवस चिव्याच्या फांद्या किंवा जुनी मासे धरायची जाळी पसरली तर रोपे वर येईपर्यंत निभावते. किनाऱ्यावरच्या गावांतून अशी फाटकी जाळी मिळते.

वरून येणारे

माकडांची गोष्ट निराळी. आमच्याकडे तांबूस तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाचे वानर, दोन्ही आहेत. त्यांच्यासाठी साधे कुंपण म्हणजे शिडीच. आठ फुटांची जाळी लावली तर ती तिच्या टोकावर बसून भाजीची पाहणी करतात. याला काही उपाय आहेत. मळ्यावर झुकलेल्या फांद्या तोडाव्यात, म्हणजे झाडावरून सरळ आत उडी मारता येत नाही. जाळीचा वरचा दोन फूट भाग ताणून न बांधता सैल सोडावा. वजन पडले की तो बाहेरच्या बाजूला वाकतो, आणि हलणाऱ्या आधारावर चढायला माकड कचरते. घराजवळचे छोटे परस असेल तर वरूनही जाळी टाकून पिंजराच करता येतो. मिरची, वांगी आणि टोमॅटोचे चार वाफे अशा रीतीने वाचतात. नऊ गुंठ्यांवर मात्र पिंजरा घालणे आमच्यासारख्यांना परवडत नाही.

तेव्हा माकडांच्या बाबतीत पिकाची निवड हेही कुंपणच समजावे. हळद, आले, सुरण आणि मिरची यांना माकडे सहसा तोंड लावत नाहीत. ही पिके रानाच्या बाजूला लावावीत आणि भेंडी, वाल, काकडी घराच्या बाजूला, जेथे आईची हाक पोहोचते. कुत्रा पाळावा. ही व्यवस्था पूर्ण नाही, पण नुकसान निश्चित कमी होते.

गावोगावी जुन्या साड्या मळ्याभोवती बांधलेल्या दिसतात. कोठे न्हाव्याकडचे केस पसरतात, कोठे बाटल्या टांगतात, बुजगावणे तर असतेच. हे उपाय खोटे नाहीत. नवी वस्तू, नवा वास किंवा नवा आवाज जनावराला काही रात्री दूर ठेवतो. मग त्याच्या लक्षात येते की या साडीत बाई नाही. म्हणून असे उपाय सतत बदलत राहिले पाहिजेत आणि पीक काढणीला आले की तेवढ्या आठवड्यापुरते वापरले पाहिजेत. बारा महिने एकच बुजगावणे उभे केले तर त्याच्या डोक्यावर कावळे बसतात.

मोडून येणारे

पूर्ण वाढलेल्या गव्याच्या नराचे वजन आठशे ते हजार किलो असते. तो रागाने कुंपण मोडतो असे नाही. तो चालत असतो आणि वाटेत वई असते, इतकेच. त्याला बळाने अडवणारे कुंपण बांधायचे तर किल्लाच बांधावा लागेल.

हत्तींचे तर विचारूच नये. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, दोडामार्ग तालुक्यात, २००२ साली कर्नाटकातून हत्ती आले आणि त्यानंतर तेथील केळी, माड आणि भातशेतीला हा नवाच त्रास सुरू झाला. हत्ती कुंपणाचाही अभ्यास करतो. सुळ्याला विजेचा धक्का बसत नाही हे त्याला अनुभवाने कळते आणि तो सुळ्याने तार तोडतो, किंवा झाड पाडून तार खाली दाबतो. आफ्रिकेत केनियामध्ये ल्युसी किंग या संशोधक बाईंनी हत्तींसाठी मधमाश्यांच्या पोळ्यांचे कुंपण करून पाहिले. खांबाखांबावर पेट्या टांगायच्या आणि त्या तारेने जोडायच्या. तारेला धक्का लागला की पेट्या हलतात आणि माश्या उठतात. हत्तीला माश्यांची भीती असते. आपल्याकडे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०२१ साली कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात असाच प्रयोग सुरू केला. एवढ्या मोठ्या जनावराला एवढीशी माशी अडवू शकते. जनावर कशाला भिते हे माहीत झाले म्हणजे कुंपणाला फार बळ लागत नाही, हे यावरून दिसते.

गवा आणि डुक्कर या दोहोंसाठी आज जो उपाय सर्वांत उपयोगी ठरला आहे तो सौर कुंपणाचा. परंतु त्याआधी दुसऱ्या एका तारेविषयी बोलले पाहिजे.

दोन तारा

मागच्या वर्षी पाऊस सरता सरता आमच्या वाडीची देवळात बैठक झाली. त्या आठवड्यात तीन घरांची रताळी गेली होती. एक काका वैतागून म्हणाले, “पंपाची वीज आहेच. एक उघडी तार मळ्याभोवती फिरवू. दोन डुकरे पडली की बाकीची येणार नाहीत.” काही माना हलल्याही. तेव्हा आई उठून म्हणाली, “रातीचा पाणी लावूक मीच जातंय. डुकर येवच्या आदी मीच चिकटतलंय.” मग कोणी काही बोलले नाही.

हा प्रश्न केवळ आमच्या वाडीचा नाही. शेताभोवती सोडलेल्या चोरट्या विजेने माणसे आणि जनावरे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी वाचायला मिळतात. मरणारा माणूस बहुधा त्याच घरातला किंवा शेजारचा असतो. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबटे अडकल्याच्या बातम्याही आमच्याकडे वारंवार येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, आणि माणूस मेला तर गुन्हा आणखी गंभीर होतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, शेतीचे रक्षण म्हणून जिने घरातलाच माणूस जाऊ शकतो ती वस्तू कुंपण म्हणता येणार नाही.

घरातली वीज आणि सौर कुंपणाची वीज यांत फरक काय, हे समजून घेतले पाहिजे. कारण ‘दोन्हीत करंटच ना’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. घरातला दाब सुमारे २३० व्होल्टचा, पण प्रवाह अखंड असतो. तारेला हात लागला की स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. एका अँपिअरच्या दहाव्या भागाइतका प्रवाह छातीतून गेला तरी हृदय बंद पडू शकते. सौर कुंपणात सूर्याच्या उष्णतेने नव्हे, तर प्रकाशाने पट्टीत वीज तयार होते. ती बारा व्होल्टच्या बॅटरीत साठते आणि एक यंत्र त्या विजेचे ठोके करून तारेत सोडते. ठोक्याचा दाब पाच ते दहा हजार व्होल्ट इतका मोठा असतो, पण तो सेकंदाचा हजारावा भागही टिकत नाही आणि दोन ठोक्यांमध्ये साधारण एक सेकंदाची विश्रांती असते. त्या विश्रांतीत जनावर मागे सरते. धक्का बसतो, वेदना होते, पण जीव जात नाही. पुढच्या वेळी ते तारेपासून दूर राहते. म्हणजे हे कुंपण जनावराला शरीराने अडवत नाही, तर आठवणीने अडवते. अर्थात यंत्र मान्यताप्राप्तच घ्यावे, घरच्या विजेला ते स्वतःच्या हाताने जोडू नये, आणि कुंपणावर धोक्याच्या पाट्या लावाव्यात.

तारांची उंचीही जनावर पाहूनच ठरवायची. डुकराचे नाक जेथे लागते तेथे, म्हणजे जमिनीपासून सहा ते आठ इंचांवर पहिली तार. दीड फुटावर दुसरी. गव्यासाठी त्यावर आणखी दोन-तीन, पाच फुटांपर्यंत. पहिली तार दोन फुटांवर लावली तर डुक्कर खालून आरामात जाते.

कोकणात या कुंपणाच्या दोन अडचणी आहेत. विक्रेता त्या सांगत नाही. पहिली गवताची. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आठ दिवसांत गवत तारेला भिडते आणि ओल्या गवतावाटे वीज जमिनीत उतरून जाते. तार दिसायला शाबूत, पण धक्का नाही. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखालचे गवत कापावेच लागते. दुसरी अडचण उन्हाळ्याची. धक्का बसायचा तर वीज जनावराच्या पायातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राकडे परत यावी लागते. आमची जमीन जांभ्या दगडाची. मार्च-एप्रिलमध्ये ती कोरडी ठणठणीत होते आणि वीज परत येत नाही. यासाठी जमिनीत पुरायच्या सळ्या ओलाव्याच्या जागी, शक्य तर व्हाळाच्या काठी, खोल पुराव्यात. उन्हाळ्यात त्यांच्या मुळाशी पाणी घालावे. किंवा कुंपणातच एक तार जमिनीशी जोडलेली ठेवावी, म्हणजे दोन्ही तारांना एकदम स्पर्श झाला की धक्का बसतो.

या कुंपणासाठी शासनाच्या जनवन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना अनुदानाची तरतूद आहे. नुकसान झाल्यास ताबडतोब वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा, उकरलेल्या वाफ्यांचे फोटो काढून ठेवावेत. २०२३ साली राज्याने वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. पण भरपाईच्या अर्जासाठी तालुक्याला दोन खेपा घालायच्या तर दोन दिवसांची मजुरी जाते, हेही खरे. म्हणून भरपाईचा हक्क सोडू नये, पण भरवसा कुंपणावरच ठेवावा.

एक गणित

आता खर्चाचा विचार करू. मी कला शाखेची विद्यार्थिनी. गणित सातवी-आठवीत शिकले तेवढेच. पण ते येथे उपयोगी पडले.

एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा. नऊ गुंठ्यांचा चौकोनी मळा धरला तर त्याची एक बाजू नव्व्याण्णव फूट आणि चारी बाजू मिळून कुंपण ३९६ फूट. असे चार मळे एकमेकांना लागून असले आणि प्रत्येकाने आपापले कुंपण घातले तर एकूण १५८४ फूट. पण चौघांनी मिळून बाहेरून एकच कुंपण घातले तर ते होते ७९२ फूट, म्हणजे बरोबर निम्मे. नऊ मळे तीन-तीनच्या ओळींत असतील तर वेगवेगळे ३५६४ फूट, आणि एकत्र १९८८ नव्हे, १५८४ नव्हे, तर केवळ ११८८ फूट. म्हणजे एक तृतीयांश. खरे मळे काही इतके सरळ नसतात. तरीही बचत मोठीच राहते. सौर यंत्र आणि बॅटरी तर एकच लागते.

पैशाहून महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे. एकट्याने कुंपण घातले तर भुकेले डुक्कर उपाशी परत जात नाही. ते शेजारच्या मळ्यात जाते. शेजारी बहुधा असा असतो की ज्याला कुंपण परवडले नाही. मग त्याच्या मनात उघड्या तारेचा विचार येतो. म्हणजे माझ्या चांगल्या कुंपणातून त्याचे वाईट कुंपण जन्माला येते. यास्तव कुंपण ही ज्याची त्याची बाब नसून वाडीची बाब आहे, असे माझे मत झाले आहे.

एकत्र कुंपण घालताना जनावरांची वाट मात्र मोकळी सोडली पाहिजे. आमच्याकडे व्हाळाच्या काठाने ती डोंगरातून खाली पाण्यावर येतात. तो पट्टाही बंद केला तर तहानेने ती कुंपण मोडणारच. म्हणून व्हाळापासून वीस पावले सोडून खांब पुरावेत असे ठरले आहे. त्या पट्ट्यात करवंद, जांभूळ आणि उंबर तोडू नयेत, म्हणजे काही खाणे त्यांना तेथेच मिळेल. जिवंत कुंपणासाठी पावसाच्या आरंभी पांगारा आणि गिरिपुष्प यांच्या फांद्या लावायच्या आहेत. त्या रुजतात आणि पुढे खांबांचा खर्च वाचवतात. गिरिपुष्पाचा पाला खत म्हणूनही चालतो.

वाचकांपैकी काही जण म्हणतील, एवढा सारा व्याप करून नऊ गुंठे भाजी करण्यापेक्षा ती विकत आणलेली काय वाईट? हा प्रश्न आमच्या गावातही विचारला जातो आणि ज्यांना परवडते त्यांनी शेती सोडलीही आहे. पण एका घराने मळा सोडला की तेथे रान वाढते आणि शेजारच्या मळ्याची रानाकडची बाजू एकीने वाढते. असे करत करत वाडीतला शेवटचा मळा चारी बाजूंनी रानात उभा राहतो. त्याला कोणते कुंपण पुरणार? म्हणून प्रत्येक मळा जो चालू राहतो, तो शेजारच्या मळ्याची वईच असतो.

आमच्या वाडीतील नऊ घरांनी अखेर एकच कुंपण घालायचे ठरवले आहे. अनुदानाचा अर्ज दिला आहे. येईल तेव्हा येईल. तोवर बुडाशी दगड रचून वईच घट्ट करण्याचे काम चालू झाले आहे. गवत कापण्याच्या आणि पहाटे फेरी मारण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. कारण कुंपण कितीही चांगले असले तरी रोज एकदा त्याच्या कडेने माणूस चालला नाही तर ते टिकत नाही. इतर दिवशी मला एस.टी. असते, म्हणून आमच्या घराची पाळी रविवारी घेतली आहे. रविवारी पहाटे मी विळा आणि विजेरी घेऊन निघते, व्हाळाकडून सुरुवात करते आणि नऊ मळ्यांना वळसा घालून परत येते. मोरीची चौकट तेवढी दोनदा पाहावी लागते.